सुंठीचं पाणी

मांजर मुळात कोरड्या मुलखातलं. आफ्रिकेच्या आणि पश्चिम आशियाच्या रखरखीत रानात फिरणारी जंगली मांजर ही आपल्या घरातल्या मांजरांची पूर्वज. तिनं लेकरांना दिलेला वारसा म्हणजे पाणी धरून ठेवण्याची ताकद. उंदराच्या, पाखराच्या अंगातल्या ओलीवर दिवस काढायचे, लघवी घट्ट करायची, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. म्हणून धडधाकट मांजर पाणी पिताना फारसं दिसत नाही. आणि म्हणूनच म्हातारं मांजर बाथरूमच्या बादलीच्या काठावर ओणवं होऊन लपलप पीतच राहिलं, की समजावं, आतला बांध फुटलाय. पाणी येतं आणि निघून जातं, अंगात राहतच नाही.

सुंठी अशीच प्यायची. रंग सुंठीचा, म्हणून सुंठी. ठाण्याच्या आमच्या घरात ती आईच्या मागोमाग आली आणि आईचीच राहिली. मला ती चालवून घ्यायची.

रिपोर्टात क्रिएटिनिन 5 च्या पुढे होतं. मांजरांत मूत्रपिंडाच्या आजाराच्या चार पायऱ्या मानतात, ही चौथी. मूत्रपिंडं भलती सोशिक असतात. तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिनमध्ये पत्ता लागू देत नाहीत, आणि गेलेला भाग पुन्हा उगवत नाही. डॉक्टरांनी बरं होण्याची गोष्ट काढलीच नाही. सांभाळण्याची काढली. त्वचेखाली सलाईन, मळमळीची गोळी, फॉस्फरस कमी असलेलं खाणं, रक्तदाबावर लक्ष. मग चष्मा पुसत म्हणाले, “ती रोज केल्याशिवाय राहत नाही अशा दोन-तीन गोष्टी आजच लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडतील.”

आईनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: कोळणीच्या हाकेला दारात. दुपारी ग्रिलमध्ये ऊन. जेवल्यावर तोंड धुणे.

सलाईनचं तंत्र अवघड नाही. सलाईनची, म्हणजे आरएलची, बाटली कोमट पाण्यात ठेवायची, पडद्याच्या दांडीला टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची आणि धार सोडायची. शंभर मिली. खांद्यामागे पाण्याचा उंचवटा तयार होतो, मग तो हळूहळू एका पायाकडे ओघळतो आणि मांजर काही वेळ एका बाजूनं जड होऊन चालतं. तासाभरात डोळ्यांत चमक येते. ही चमक माणसाला वेडं करते. त्या चमकेसाठी आपण उद्याही सुई टोचू, परवाही टोचू. सुरुवातीला सुंठीनं आक्षेप घेतला नाही. आईच्या मांडीवर असलं की ती जगातलं पुष्कळ काही खपवून घ्यायची.

भांडण झालं ते खाण्यावरून. किडनीच्या मांजरांसाठीचे महागडे दाणे तिनं हुंगले आणि वाटीशेजारची फरशी पंजानं खरवडली. घाण झाकतात तशी. मी दाणे भिजवले, कोमट केले, त्यावर चिकनचं पाणी घातलं. पुन्हा फरशी खरवडणं. मासळीत फॉस्फरस भरपूर, म्हणजे तिच्यासाठी विषच, हे मी आईला समजावून सांगत होते, आणि दारात आलेली कोळीण टोपली उतरवत म्हणत होती, “बाय, मांजरी सुकली गो तुझी.” तिनं वाट्यातली एक मांदेली काढून पुढे केली. सुंठी उठली. दाणे पाहून मान फिरवणारी, घरभर भिंतीच्या आधारानं चालणारी सुंठी दारापर्यंत चालत गेली आणि मांदेली डोक्यासकट खाल्ली.

आई माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही, आणि हे तिचं बोलण्यापेक्षा जास्त असतं.

दाण्यांचं शास्त्र खरं आहे, यात मला शंका नाही. आजार लवकर कळला तर तो आहार आयुष्य वाढवतो. पण न खाल्लेल्या पथ्याचा गुण येत नाही, आणि उपाशी मांजराचं यकृत काही दिवसांतच बिघडतं. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनीही दाण्यांचा हट्ट सोडला. तिनं काहीतरी खाणं महत्त्वाचं, म्हणाले. त्या दिवसापासून मांदेली सुरू झाली. उपचार ठरवण्याचं मोठं प्रकरण आमच्या घरी असं, दारातल्या टोपलीपाशी निकालात निघालं.

रात्री मी वाचत बसायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात 1987 पासून मांजरांत मूत्रपिंडाचं रोपण होऊ लागलं. मूत्रपिंड देणारं मांजर बहुधा निवाऱ्यातलं, बेवारस, आणि रोगी मांजराच्या घरानं त्याला जन्मभर सांभाळायचं, असा तिथला रिवाज होता. वाचून मला त्या दुसऱ्या मांजराचीच काळजी लागली. जपानच्या तोरू मियाझाकी नावाच्या संशोधकानं शोधलेलं एक प्रथिन मांजरांच्या शरीरात नीट कामाला लागत नाही, आणि त्यावर औषध निघेल अशी आशा आहे. 2021 मध्ये ती बातमी पसरली तेव्हा तिथल्या मांजरवेड्या माणसांनी त्याच्या विद्यापीठाकडे देणग्यांचा पूर लोटला. मला ती माणसं ओळखीची वाटली. ज्यांचं मांजर त्या औषधापर्यंत टिकणार नव्हतं, त्यांनीही त्यात पैसे घातले असतील.

जगण्याचा दर्जा मोजण्याची पट्टीही मिळाली. डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंची. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, असे सात विषय, प्रत्येकी दहा गुण. बेरीज पस्तिसाच्या वर राहिली तर चालू ठेवायला हरकत नाही. पट्टी शहाणी आहे. पण आनंदाच्या रकान्यात सुंठीला किती गुण द्यायचे? आईनं नऊ दिले, मी चार. आम्ही दोघी आपापल्या थकव्याचे गुण देत होतो.

सुंठे, माणसाला निदान विचारता येतं. आपल्याकडे आजोबा-आज्या डायलिसिसच्या खुर्चीतून उठून ‘पुरे आता’ म्हणतात आणि घर रडत का होईना ऐकतं. तुझ्याकडे उद्या नव्हता. दोन महिने वाढवून मिळतील, म्हणून आजची सुई सोस, हा सौदा तुझ्यापुढे मांडायचा कसा? तुझ्यासाठी सुई म्हणजे फक्त सुई आणि मांदेली म्हणजे फक्त मांदेली. तुझं मत तू जिभेनं आणि पायांनी द्यायचीस. ते वाचायचं काम आमचं, आणि आम्ही आमच्या सोयीचंही वाचत होतो.

मग एक दिवस पडद्याच्या दांडीचा आवाज झाला आणि सुंठी पलंगाखाली गेली. आईनं हाक मारली, तरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. सुया बंद करायच्या, असं आईच म्हणाली. “माझ्या हाकेला घाबरायला लागली तर मग माझ्याकडे काय उरलं तिचं?”

पुढचं आईला जड गेलं. तोंडात व्रण आले, श्वासाला अमोनियाचा वास. ऊन ग्रिलमधून सरकून गेलं तरी ही आपली बादलीपाशी. अंग चाटणं थांबलं. तिला शांत मरण देण्याचा विषय निघाला. पण लहानपणापासून आईनं ऐकलेलं, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. मी आईला साबरमतीच्या वासराची गोष्ट सांगितली. 1928 साली आश्रमातलं एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं, आणि गांधींनी त्याला इंजेक्शन देऊन मरण द्यायला लावलं. लोक खवळले, संतापाच्या पत्रांचा ढीग पडला, आणि त्यांनी ‘नवजीवन’मध्ये आपली बाजू मांडली. अहिंसेचा एवढा मोठा माणूस, असं मी म्हणत होते. आई म्हणाली, “त्यांचं त्यांनी बघितलं. त्यांच्या मांडीवर वाढलं होतं का ते वासरू?”

या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. गांधींचा निर्णय मला पटतो. पण मांडीवर वाढलेल्या जिवाचं मरण ठरवणं ही वेगळी गोष्ट आहे, हे आईचंही खरं.

ज्या सकाळी कोळणीची हाक आली आणि सुंठीनं नुसता कान हलवला, त्या सकाळी आईनं कॅलेंडर उलटं करून समोर ठेवलं. तिन्ही ओळी आम्ही वाचल्या. डॉक्टर दुपारी घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आईनं मांडी सोडली नाही. मी पाय धरले होते, धरायची काही गरज नव्हती. संध्याकाळी पेणला नेलं, भावाच्या परसात.

न फोडलेल्या आरएलच्या बाटल्या आणि सुयांचं पाकीट डॉक्टरांनी सुचवलेल्या एका मुलाला दिलं. कळव्याला एकटा राहतो, त्याच्या मांजराचा रिपोर्ट नुकताच आला होता. पायरी दुसरी, म्हणजे दाण्यांना अजून वाव आहे. रात्री त्याचा फोन आला. सुई कुठं घालायची, कातडी किती उचलायची, सगळं विचारून झालं, आणि मग घुटमळला. चूक तर करत नाही ना मी, असं काहीतरी. आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

“बाटली आधी गार आहे का बघ,” ती म्हणाली. “आणि तिला आवडतं काय खायला, ते सांग मला.”