आधी ‘केव्हा’, मग ‘कुठे’

गाडीभोवती पेट्रोलचा वास येतो, पण खाली थेंबही पडलेला नाही, अशी तक्रार आली की हात लगेच वास कुठून येतो ते शोधायला लागतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न गाडीवाल्याला विचारायचा: वास केव्हा येतो? पेट्रोलची वाफ दिसत नाही, आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरून जमिनीलगत पसरते. त्यामुळे नाक जागेबाबत फसवतं. वेळ मात्र फसवत नाही, कारण टाकीतला दाब कारणाशिवाय वाढत नाही.

टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये अडवायची आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती इंजिनात ओढून जाळायची, एवढंच गाडीतल्या वाफ अडवणाऱ्या यंत्रणेचं काम. उन्हात उभ्या गाडीला वास येत असेल तर टाकीचं झाकण, फिलर नेक आणि टाकीवरची वाफेची नळी आधी बघावी. टाकी फुल्ल केल्यावरच येत असेल तर टाकीतल्या पंपाच्या झाकणाचं रबर तपासावं. नाहीतर ‘ऑटो कट’ झाल्यावरही रुपयांचा आकडा पूर्ण करायला ओतलेल्या पेट्रोलने कॅनिस्टर भिजलेला असतो. बॉनेटपाशी येत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह आणि त्याच्या नळ्या. नाशिकला आणखी एक खूण मिळते. मुंबईहून कसारा घाट चढून आलेली गाडी सुमारे ६०० मीटर उंचीवर पोचते. बाहेरच्या हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी उतरतो आणि टाकीतली वाफ तेवढी जोराने बाहेर रेटते. म्हणून घाट चढल्यावर येणारा आणि नंतर शहरात न जाणवणारा वास भास समजून सोडून देऊ नये.

यावर कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला, स्कॅनर लावा. कॅलिफोर्नियाच्या नियमांमुळे तिथल्या गाड्या अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळती स्वतः ओळखतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या मात्र पर्ज व्हॉल्व्हची वायर शाबूत आहे एवढंच तपासतात; नळीला चीर गेली तरी ‘चेक इंजिन’चा दिवा लागत नाही. दुसरा सल्ला असतो, कॅनिस्टरच बदलून टाका. पण चीर नळीच्या वाकणावर असेल तर नवा महागडा कॅनिस्टर बसवूनही वास राहतोच. खात्रीची वाट म्हणजे स्मोक टेस्ट. यंत्रणेची तोंडं बंद करून अगदी कमी दाबाने धूर सोडायचा आणि टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघत राहायचं. क्लिपच्या कडेला, जिथे रबर आवळून कडक झालेलं असतं, तिथून धुराचा दोऱ्यासारखा बारीक धागा वर येतो. बोटाने रबर वाकवलं की चीर उघडते. कंप्रेसरची हवा टाकीत कधीही सोडू नये. टाकी फुगते, आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण ठिणगीची वाट बघत असतं. हे काम पिटमध्येही करू नये, कारण जड वाफ तिथेच साचते.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा. झाकणाचं रबर किंवा वीतभर नळी, एवढ्याशा मालासाठी तासभर शोधाशोध गिऱ्हाईकाला पटत नाही. पण त्या वाफेत बेन्झीन असतं, आणि ते कॅन्सरला कारण ठरतं. बंद बेसमेंट पार्किंगमध्ये तीच वाफ घरच्यांच्या श्वासात जाते. शिवाय आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि २०२३ च्या आधीच्या अनेक गाड्यांची रबरं एवढ्या इथेनॉलसाठी घडवलेली नव्हती. अशा गळत्या पुढे वाढतील, कमी होणार नाहीत. म्हणून बिलात मालाच्या वर ‘तपासणी’ ही ओळ स्वतंत्र लिहावी आणि तिचे पैसे न संकोचता मागावेत. या कामात नळी कोणीही बदलेल. कोणती बदलायची हे ठरवणं हीच खरी दुरुस्ती आहे, आणि ती फुकट झाली तर पुढच्या वेळी कोणी शोधणार नाही, अंदाजाने माल बदलत राहील.