पडद्यावरची वसई

वसईचा किल्ला ज्या मुलांच्या नित्याच्या वाटेवर असतो, त्यांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. पडक्या भिंतींच्या सावलीत ती खेळतात, तटावर चढून खाडीकडे पाहतात आणि दिवेलागणीला घरी परततात. या भिंती एके काळी तोफांनी हादरल्या होत्या, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. पुस्तकातील ‘इ. स. १७३९’ हे चार आकडे तेवढे पाठ होतात आणि परीक्षा संपली की विसरले जातात.

वसईतील एका प्राथमिक शाळेच्या बाईंना याची मोठी खंत वाटे. एके दिवशी त्यांनी चौथीच्या वर्गात प्रोजेक्टर आणला. खिडक्या लावून घेतल्या आणि भिंतीवर पांढरा पडदा टांगला. अंधारात तो पडदा उजळला आणि मुले श्वास रोखून पाहू लागली. चिमाजी अप्पांचे सैन्य तटाला भिडत होते. नगारे वाजत होते. सुरुंग उडाले, धुराचे लोट उसळले, बुरूज ढासळला. तीन महिन्यांचा वेढा दहा मिनिटांत संपला!

दिवे लागले. तेव्हा पहिल्या बाकावरील एका मुलीने हळूच विचारले, “बाई, लढाई चालू असताना हा सिनेमा कोणी काढला?”

वर्गात हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन साले लिहिली : १७३९ आणि १८३९. पहिले वसई जिंकल्याचे. दुसरे, फ्रान्समध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे मांडली गेली त्याचे. दोहोंत शंभर वर्षांचे अंतर! म्हणजे वसईचा रणसंग्राम कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेला नाही. पडद्यावर दिसले, ते कोणा चित्रकाराने जुने कागदपत्र वाचून आणि उरलेले मनाने रंगवून काढले होते.

अंधारात उजळलेल्या चित्रांची ही मोहिनी तशी जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर दाखवण्याचे खेळ सुरू केले. त्यांना ते ‘शांबरिक खरोलिका’ म्हणत. चित्रांच्या जोडीला निवेदन असे, संगीत असे. पुराणांतील कथा डोळ्यांपुढे हलताना पाहून प्रेक्षक थक्क होत. पण ती पुराणकथा आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असे. इतिहासाचे तसे नाही. तेथे रंगवलेले आणि घडलेले यांतील रेघ पुसट होते.

बाईंनी मग दुसरे चित्र दाखवले. ते एका घंटेचे छायाचित्र होते. वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तेथील चर्चमधील घंटा नेल्या आणि देवळांना वाहिल्या. त्यांपैकी एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरात आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. “ही घंटा कोणाच्या मनातली नाही,” बाई म्हणाल्या. “हिला आजही हात लावता येतो.”

इतका वेळ एक मुलगा गप्प बसला होता. त्याच्या घरची मंडळी दर रविवारी चर्चमध्ये जात. तो खाली मान घालून म्हणाला, “बाई, मग आम्ही कोणाच्या बाजूचे?”

वर्ग एकदम शांत झाला. बाई त्याच्याजवळ गेल्या. त्या म्हणाल्या, “पोर्तुगीज सत्तेने धर्माच्या नावाखाली येथील लोकांचा छळ केला, हे खरे. पण बाळ, वसईचे ख्रिस्ती लोक याच मातीतले. तू बोलतोस ती भाषाही इथलीच. आणि ऐक, १७३९ च्या मे महिन्यात किल्ला खाली करण्याचा तह झाला. पोर्तुगीज सैनिकांना शस्त्रांसह सन्मानाने जाऊ द्यावे आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळता यावा, अशी कलमे त्या तहात होती. आपल्या चित्रात सुरुंग मावले, पण ही कलमे मात्र मावली नाहीत.”

मुलाने मान वर केली.

दुसऱ्या दिवशी सारा वर्ग किल्ल्यात गेला. मुलांनी कमानी पाहिल्या, पडक्या चर्चच्या भिंती पाहिल्या. थडग्यांच्या दगडांवर कोरलेल्या परकीय अक्षरांवरून त्यांनी बोटे फिरवली. कोणी छायाचित्रे घेतली, तर कोणी तटाची लांबी पावलांनी मोजली. घरी जाऊन त्यांनी आजीआजोबांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या.

आठ दिवसांनी वर्गात पुन्हा अंधार झाला आणि पडदा उजळला. या वेळी चित्रे मुलांनी स्वतः जुळवली होती. प्रत्येक चित्राखाली त्यांनी एक ओळ लिहिली होती. कमानीच्या छायाचित्राखाली होते : ‘हे आम्ही पाहिले.’ आजोबांच्या आवाजाबरोबर अक्षरे उमटली : ‘हे आम्ही ऐकले.’ तहाच्या कलमांखाली होते : ‘हे आम्ही वाचले.’ आणि ढासळत्या बुरुजाच्या रंगीत चित्राखाली त्या पहिल्या बाकावरील मुलीने आपल्या हाताने लिहिले होते : ‘हे आम्ही मनाने रंगवले.’