शिंकं

कोकणातल्या आमच्या घरात दूधदुभतं जमिनीवर ठेवायची पद्धत नव्हती. माजघरातल्या वाशाला काथ्याचं शिंकं टांगलेलं असे. त्यात खाली ताकाचं मडकं, त्यावर दह्याचं, सगळ्यात वर सायीची झाकलेली वाटी. दोरीच्या मध्यावर आजीनं भोक पाडलेली करवंटी उपडी ओवली होती. माळ्यावरून वाशावर आणि वाशावरून दोरीनं खाली उतरू पाहणाऱ्याचा पाय त्या करवंटीवर ठरायचा नाही. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, ही म्हण आम्हाला शाळेच्या पुस्तकाआधी घरातच कळली होती. दर पावसाळ्याआधी काथ्या बदलला जायचा तो त्याच धाकानं.

मांजराला घरातून घालवावं असं मात्र कुणाच्या मनात येत नसे. माळ्यावर भाताच्या कणग्या, कणग्यांपाशी उंदीर, आणि उंदरांच्या वासानं येणारं जनावर. त्यामुळे मांजर हवंच होतं. फक्त त्याची आणि दुधाची गाठ पडू द्यायची नाही. सुके बांगडे आणि सोडे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असत. ओली मासळी कापून, धुऊन, मीठ-हळद लावून आत जाईपर्यंत आजी विळीवरून उठत नसे. कोळणीनं पायरीवर टोपली टेकली की भोवती शेपट्या उभ्या राहायच्या. कल्ले-आतडी त्यांची, बाकीचं आमचं, असा न बोललेला तह होता आणि तो दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी पाळला जाई.

मांजराच्या अंगावर हात टाकायचा नाही, याला आजीकडे धर्माचं कलम होतं. हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं. ‘एवढं सोनं आणायचं कुठनं?’ हे ती लगेच पुढे जोडायची. शिवाय मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन, आणि बाळाच्या कपाळी लिहायला येणारी आपली सटवाई तिच्याच गोतातली. ज्या घरात तिची पूजा मांडायची तिथे तिच्या वाहनाला लाथ कोण मारणार? पण म्हणून त्या काळाला अगदीच सोवळं समजायचं कारण नाही. नकोशी पिल्लं पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येणारी माणसं आमच्याच वाडीत होती. काशीचं कलम त्यांनी आपल्या सोयीनं वाचलं होतं. आपल्या हातून तर काही मेलं नाही!

पुढे आम्ही गिरगावातल्या चाळीत राहायला आलो. तिथे शिंकं टांगायला जागा नव्हती, आणि टांगलं असतं तर त्याखाली झोपायचं कुणी, हा प्रश्न होता. त्याची जागा जाळीच्या कपाटानं घेतली. कपाटाचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत ते मुंग्यांसाठी, आणि दाराला पितळी कडी होती ती मांजरासाठी. आरेच्या काचेच्या बाटल्या पहाटे केंद्रावरून आणायच्या आणि तशाच कपाटात सरकवायच्या. वरचं चंदेरी झाकण नखानं फाटतं, हे आमच्याइतकंच मजल्यावरच्या मांजरीलाही ठाऊक होतं. ती कुणा एका बिऱ्हाडाची नव्हती, मजल्याची होती. जिन्याखालच्या अडगळीत विणायची आणि मग पिल्लं तोंडात धरून सात घरं दाखवायला निघायची. आमच्या खाटेखाली गाद्यांची वळकटी असल्यामुळे आमचा नंबर त्यात हमखास लागे. जरा शंका आली, फार माणसं डोकावली, की पिल्लांची जागा बदलणं हा तिचा स्वभावच. तिला घालवायची आईची युक्तीही त्यावरच बेतलेली होती. ती वळकटी उलगडून खाटेवर ठेवायची, खाटेखालचा पडदा वर खोचायची, आणि खाली उजेड पडला की मांजरी स्वतःच बाडबिस्तरा हलवायची. ना आरडाओरडा, ना झाडू.

मग फ्रिज आला. जाळीचं कपाट गॅलरीत गेलं आणि त्यात चपला राहू लागल्या. दूध आता लोखंडी तिजोरीत असल्यासारखं सुरक्षित होतं, आणि कडी लावायची, झाकण बघायचं, दोरी तपासायची ही रोजची सवय घरातून निघून गेली. मला वाटतं, मांजराचा उपद्रव खरा तिथून सुरू झाला. आजी आणि आई आपली वस्तू मांजरापासून आवरून ठेवत. फ्रिजनंतरच्या आम्हा लोकांना मांजरच आवरून हवं झालं, तेही दुसऱ्या कुणीतरी येऊन.

पुण्यात बैठं घर झालं, पुढे चार वाफ्यांपुरतं अंगण मिळालं, आणि जुना व्यवहार नव्यानं सुरू झाला. संध्याकाळी मेथी पेरावी, सकाळी वाफा उकरलेला. दरवाज्याच्या चौकटीवर बोक्याची उग्र धार. स्कूटरच्या सीटवर नखांच्या रेघा. आळीत प्रत्येकाकडे उपाय होता. कुणी लाल पाण्याच्या बाटल्या कंपाउंडला टांगल्या. मांजराला लाल रंग मुळी आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे त्या बाटल्यांनी शोभा तेवढी आली. कुणी तिखट टाका म्हणालं, कुणी डांबरगोळ्या, कुणी फिनाईल. हे शेवटचे तिन्ही उपाय मी ऐकून घेतले आणि करू दिले नाहीत. तिखट पंज्यांना लागतं आणि तिथून डोळ्यांत जातं. डांबरगोळी मांजराला विष आहे. फिनाईलचं म्हणाल तर असले पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. आपली साधी पॅरासिटॅमॉलची गोळीही त्याला मारू शकते ती त्यामुळेच. ते पंजे चाटतं, आणि जमिनीवर ओतलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. काशीचं कलम कुणाला पटत नसेल तर 1960 चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहेच, आणि विष घालणं हा त्यात गुन्हा आहे.

वाफाच का उकरतात, याचं उत्तर त्यांच्या कुळात आहे. घरगुती मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातले. त्यांना विष्ठा पुरायला भुसभुशीत, सुकी माती लागते, आणि आपण खुरप्यानं नेमकी तशीच माती तयार करून देतो. मग करायचं काय, तर ती माती त्यांना नकोशी करायची. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी मी वाफ्यावर आडवी पसरली आणि वर बोटभर माती टाकली. रोपं भोकांतून वर येतात, पंजा मात्र अडतो. कुंड्यांत नारळाच्या शेंड्या दाबून बसवल्या. छाटलेल्या बोगनवेलीच्या काटेरी फांद्या कडेनं खोचल्या. पेरलेली जागा ओली ठेवली. संत्र्याच्या साली टाकून पाहायला हरकत नाही. तो वास मांजरांना आवडत नाही, पण पुण्याच्या उन्हात साल दुपारपर्यंत वाळते आणि वास संपतो.

नुसती अडवणूक केली तर मांजर शेजारच्या वाफ्यात जातं, आणि शेजारी तुमच्याकडे येतो. म्हणून मागच्या भिंतीशी, जास्वंदीच्या आडोशाला, एक रुंद पाटी कोरडी वाळू घालून ठेवली. तिकडे वळायला त्यांना फार दिवस लागले नाहीत. ती पाटी हातमोजे घालून रोज साफ करावी लागते, आणि रोज म्हणजे रोजच. काही मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो. तो बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस घेतो. तेवढ्यात उचललं की धोका बराच टळतो. घरात गरोदर बाई असेल तर तिनं या कामाला हात लावू नये. सुनेच्या वेळी ही गोष्ट आमच्याकडे सटवाईच्या पूजेपेक्षा कडक पाळली गेली.

बोक्याच्या धारेला जाळी चालत नाही. तो हद्द आखत असतो. धुताना अमोनियाचं द्रावण वापरलं तर त्याला वाटतं, दुसराच कुणी येऊन गेला, आणि तो नव्या जोमानं आखतो. साबणाच्या पाण्यानं तात्पुरतं भागतं. पण खरा इलाज नसबंदीचा. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून पिंजरा आणला, आत बांगडा ठेवला. बोका अडकल्यावर पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली. अंधार झाला की मांजर शांत होतं, धडका मारत नाही. डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेबरोबर डाव्या कानाचं टोक किंचित छाटलं, म्हणजे पुन्हा कुणी त्याला उगाच पकडायला नको. ‘उचलून लांब सोडून का येत नाही?’ असं आळीतल्या एका काकांनी विचारलं. पोत्याचीच ती जुनी वाट. मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा बोका येतो, आणि तो न छाटलेल्या कानाचा असतो, हे डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं. आमचा बोका परत आला, खाऊन जाडा झाला. चौकटीवरचा वास काही आठवड्यांत ओसरला, आणि मारामाऱ्याही कमी झाल्या. स्कूटरला आता झाकण आहे. सीटवरची रेघ राहिली ती राहिली.

गेल्या आठवड्यात तेच काका पिंजरा मागायला आले. त्यांच्या गॅरेजमध्ये एक मांजरी मुक्कामाला आहे आणि तिचं पोट दिसायला लागलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता नको, विऊ दे. मांजरी साधारण नऊ आठवड्यांत विते, मग पिल्लं दूध सोडीपर्यंत अजून दोनेक महिने, त्यानंतर आणा, आणि पिल्लांनाही विसरू नका, ती पाचव्या-सहाव्या महिन्यातच तयार होतात. काका हिशेब करत उभे राहिले. पैसे आळीनं मिळून काढायचे की ज्याच्या गॅरेजमध्ये मुक्काम त्यानं, यावर रविवारी बैठक आहे आणि ती सरळ पार पडेल असं मला वाटत नाही. तोवर काकूंना कोथिंबीर पेरायचीय म्हणून माझ्याकडच्या गुंडाळीतली उरलेली जाळी त्यांना दिली. कापायला कात्रीही दिली, आणि ती परत आणून द्या असं दोनदा सांगितलं.