उशाशी रहस्यकथा : या महिन्याचे वाचन



चातुर्मास सुरू झाला की आमच्या बाजारपेठेचा वेग मंदावतो. पावसामुळे खेड्यापाड्यांतले गिऱ्हाईक कमी होते, दुकान लवकर बंद होते आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकत असल्याने संध्याकाळचा मोठा वेळ हाती उरतो. प्रतिक्रमणानंतर झोप येईपर्यंतचा हा वेळ मी कित्येक वर्षे पुस्तकांना देत आलो आहे. या महिन्यात चार कादंबऱ्या वाचून झाल्या आणि पाचवी अर्ध्यावर ठेवली. पाचही रहस्याच्या किंवा थराराच्या. त्यांचा वृत्तांत द्यावा म्हणून लिहायला बसलो खरा. पण याच महिन्यात घरात एक प्रश्न विचारला गेला आणि दुकानात एक प्रसंग घडला. त्या दोहोंना वगळून लिहिले तर हा वृत्तांत प्रामाणिक होणार नाही.

प्रश्न आईचा. माझ्या उशाशी पुस्तकांची चळत पाहून ती म्हणाली, "मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालतोस आणि उशाशी खून घेऊन झोपतोस. हे कसं रे?" मी हसून विषय टाळला, पण प्रश्न टळला नाही. आपल्याकडे हिंसा केवळ स्वतः केलेली मानत नाहीत. करविलेली आणि अनुमोदिलेलीही हिंसाच होय. समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'दुःश्रुती' हा एक आहे. चित्त मलिन करणाऱ्या कथा ऐकणे, वाचणे, हे निष्प्रयोजन पाप आहे असा त्याचा आशय. मग दररोज रात्री कोणाच्या तरी मृत्यूचे कोडे चवीने सोडवणारा मी कोणत्या बाजूस उभा आहे?

हा नाद मला वारशानेच लाभला. दुपारी गिऱ्हाईक नसले की वडील गादीवर बसून बाबूराव अर्नाळकरांचे पुस्तक वाचत आणि कोणी आले की ते रोजमेळाखाली सरकवत. झुंजार आणि काळा पहाड ही नावे मी प्रथम त्या गादीवरच ऐकली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मराठी माणसाला वाचायची गोडी लावणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा आहे, हे आता सर्वच मान्य करतात. वडील मात्र ते पुस्तक लपवत असत. ते का लपवत, हे आईच्या प्रश्नानंतर मला नव्याने जाणवले.

आता या महिन्याच्या पुस्तकांकडे वळतो. पहिले होते फ्रेडरिक फोर्सिथ यांचे 'द डे ऑफ द जॅकल'. १९७१ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी १९६३ च्या फ्रान्समध्ये घडते. अल्जीरियाला स्वातंत्र्य दिल्यामुळे खवळलेली एक गुप्त संघटना राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हत्येसाठी एका परक्या मारेकऱ्याला पाच लाख डॉलर देऊ करते. गंमत अशी की, निकाल वाचकाला आधीच ठाऊक असतो. द गॉल १९७० साली आपल्या घरी, नैसर्गिक मृत्यूने गेले. तरीही पुस्तक हातातून सुटत नाही, कारण उत्सुकता 'काय होणार' याची नसून 'कसे होणार' याची असते. मारेकऱ्याची तयारी एखाद्या निष्णात व्यापाऱ्याच्या व्यवहारासारखी आहे: खोटी कागदपत्रे, नेमके माप, कारागिराशी घासाघीस, आगाऊ रक्कम. त्याला शोधणारा क्लोद लबेल हा साधा, अबोल पोलीस अधिकारी आहे. त्याचे शस्त्र म्हणजे नोंदवह्या. हॉटेलांची कार्डे, पारपत्रांचे अर्ज, सीमेवरच्या नोंदी तो धीराने चाळत राहतो. ज्याचे आयुष्य वह्या मिळवण्यात गेले, त्याला या माणसाविषयी आपुलकी वाटावी यात नवल नाही.

दुसरी कादंबरी जपानी. केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ पुस्तक २००५ चे. त्याला जपानमधील मानाचे नाओकी पारितोषिक मिळाले. 'जाने जान' हा हिंदी चित्रपट याच कथेवर बेतलेला आहे. येथे खून कोणी केला हे सुरुवातीलाच कळते. जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको आपल्या छळवादी माजी नवऱ्याला झटापटीत मारून बसते. शेजारी राहणारा इशिगामी हा गणिताचा शिक्षक तिला वाचवण्यासाठी एक योजना रचतो. ती समजून घेण्याची वेळ त्याच्याच जुन्या मित्रावर, युकावा या भौतिकशास्त्रज्ञावर, येते. शेवट सांगणार नाही. एवढेच म्हणतो की, क्रोध आणि लोभ यांनी माणूस आंधळा होतो हे आपण नेहमी ऐकतो. रागानेही, म्हणजे आसक्तीनेही, तो तितकाच आंधळा होतो हे या पुस्तकाने दाखवले. पुस्तक मिटल्यावर बराच वेळ दिवा मालवावासा वाटला नाही.

तिसरे पुस्तक हाती असतानाच दुकानातला प्रसंग घडला. एका संध्याकाळी रोजमेळ मिळेना. गल्ल्यात ४,६०० रुपये कमी भरत होते. दोनदा मोजले, तिनदा मोजले. त्या दुपारी आमच्याकडे कामाला असलेला मुलगा तासभर दिसला नव्हता, हे मला आठवले. कुठे गेला होतास म्हणून विचारले तर तो अडखळला, आधी एक सांगितले, मग दुसरे. झाले. दोन आठवडे रहस्यकथांत बुडालेल्या माझ्या डोक्याने क्षणात सारे धागे जुळवले. संधी होती, खोटे बोलणे होते, चेहरा उतरलेला होता. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला संतापापेक्षा समाधानच अधिक वाटत होते, कोडे सुटल्याचे समाधान. मी त्याला हमालांच्या आणि दिवाणजींच्या देखत पिशवी उघडायला लावली. पिशवीत रिकामा डबा, छत्री आणि एक वर्तमानपत्र होते. तरीही माझा संशय गेला नाही. मला वाटले, पैसे दुसरीकडे ठेवले असतील.

त्या रात्री समोर होते ॲगाथा ख्रिस्ती यांचे 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'. १९२६ सालची ही कादंबरी मी पूर्वी वाचलेली होती. तिचा शेवट ज्याला एकदा कळला तो ती विसरत नाही. शेवट माहीत असल्यामुळे या वेळी खुनी कोण याकडे लक्ष नव्हते. निवृत्त होऊन खेड्यात भोपळ्याच्या जातीच्या भाज्या पिकवणारा हर्क्यूल प्वारो प्रश्न कसे विचारतो, हेच मी पाहत होतो. त्या घरातला प्रत्येक जण काही ना काही लपवत आहे, हे तो ओळखतो. कोणाचे लपवणे प्रेमापोटी, कोणाचे कर्जापोटी, कोणाचे केवळ लाजेपोटी. ज्याने काही लपवले तो खुनी, असे प्वारो मानत नाही. तो एकेक लपवलेली गोष्ट बाजूला काढतो, तिचे कारण शोधतो आणि उरलेल्याकडे पाहतो. निष्कर्षाची घाई इतरांना असते, त्याला नसते.

वाचता वाचता मला स्वतःची लाज वाटू लागली. आपल्या आचार्यांनी प्रत्येक विधानामागे 'स्यात्' लावायला शिकवले. एका बाजूने पाहता असे आहे, दुसऱ्या बाजूने पाहता तसेही असू शकेल. आपण अनेकान्तवादावर व्याख्याने ऐकतो, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट नातवंडांना सांगतो. पण ४,६०० रुपयांपुरतेसुद्धा मला 'स्यात्' म्हणता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला काही विचारले नाही. आदल्या दिवसाचा क्रम स्वतःच पुन्हा आठवत गेलो. साडेपाचच्या सुमारास पावसात टेम्पो आला होता. माल उतरवून चालकाला घाई होती. दिवाणजी आत माल मोजत होते, म्हणून मी स्वतः गल्ल्यातून भाडे काढून दिले होते. पावती खिशात घातली, सदरा भिजला म्हणून घरी जाऊन बदलला. धुण्याच्या ढिगातून तो सदरा काढला. खिशात ओलसर पावती होती: ४,६०० रुपये. नोंद न केलेली रक्कम माझ्याच हातून गेली होती. चोर शोधायला मी दुकानभर फिरलो. आपल्या खिशात हात घालायचे तेवढे सुचले नाही.

मी त्याच माणसांच्या देखत त्या मुलाची क्षमा मागितली. 'मिच्छा मि दुक्कडं' हे शब्द दरवर्षी शेकडो लोकांना म्हणतो, दूरच्यांना कार्डावर छापून पाठवतो. त्या सकाळी ते मराठीत म्हणायचे होते, "माझं चुकलं," आणि ते जिभेवर यायला वेळ लागला. मग त्याने दुपारच्या तासाचे सांगितले. पलीकडच्या गल्लीतील एका दुकानात पगार थोडा जास्त आहे असे कळल्याने तो तेथे चौकशीला गेला होता. मालकाला कसे सांगावे, म्हणून अडखळला होता. त्याचे लपवणे एवढेच होते. त्याने क्षमा केली असे तो म्हणाला. महिनाअखेरीस हिशेब घेऊन तो त्या दुसऱ्या दुकानात गेला. पगारासाठी गेला की पिशवीसाठी, हे मी त्याला विचारले नाही.

त्यानंतर काही दिवस पुस्तक उघडले नाही. पुढे घेतले ते सत्यजित राय यांचे 'सोनार केल्ला', फेलूदाच्या कथांपैकी एक, १९७१ चे. फेलूदाच्या कथा मराठीतही आल्या आहेत आणि घरातल्या मुलांच्या हाती निःशंक द्याव्यात अशा आहेत. कोलकात्याच्या लहानग्या मुकुलला पूर्वजन्मातील सोन्याचा किल्ला आठवतो. त्याच्या शोधात एक डॉक्टर त्याला राजस्थानात नेतात, आणि गुप्तधनाच्या लोभाने काही ठकही मागावर निघतात. जातिस्मरण ही आपल्या कथावाङ्मयातील ओळखीची गोष्ट. पण राय तिचा गाजावाजा करत नाहीत. शोध जैसलमेरला पोहोचतो. पिवळ्या दगडाच्या त्या किल्ल्यात आपली प्राचीन मंदिरे आहेत, ताडपत्रांवरील ग्रंथांचे भांडार आहे. आपल्यापैकी अनेकांनी तेथे दर्शन घेतले असेल. या कथेचा डोलारा खुनावर उभा नाही. तरी रात्री पान मिटवत नाही. लोभामागे धावणारे आणि बालपणाची आठवण शोधणारा मुलगा एकाच किल्ल्याकडे निघालेले असतात. किल्ला मात्र दोघांना वेगळा दिसतो.

पाचवी कादंबरी अलीकडची, गाजलेली. नाव सांगत नाही. तिच्यात प्रत्येक प्रकरणात एक मृत्यू होता आणि प्रत्येक मृत्यूचे वर्णन चवीचे होते. मेलेला माणूस कोण होता, त्याच्यामागे कोण रडले, याची लेखकाला फिकीर नव्हती. अर्ध्यावर मिटली आणि ग्रंथालयाला परत केली.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला थोडेफार याच वेळी सापडले. तिला म्हणालो, "सगळीच पुस्तकं सारखी नसतात. काही वाचून माणसाचा जीव स्वस्त वाटतो, काही वाचून महाग वाटतो. पहिली मी सोडली." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि त्या पोराची पिशवी उघडायला लावलीस ती कोणती पुस्तकं वाचून?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती पुस्तके चांगलीच होती; वाचणारा कमी पडला. दुःश्रुतीचा दोष पुस्तकात असतो तसा ऐकणाऱ्या कानातही असतो, हे मान्य करणे भाग आहे. संशय घेण्याची गोडी आणि सत्य शोधण्याचा धीर, ही दोन्ही एकाच पानावर सापडतात. त्यांतले काय उचलायचे हे आपल्यावर राहते.

पर्युषण जवळ आले आहे. उशाशी आता फक्त स्वाध्यायाची पुस्तके आहेत. रहस्यकथा कपाटात गेल्या. त्या पुन्हा बाहेर येतील, कारण सवय मोडलेली नाही आणि मोडावी असेही वाटत नाही. एक बदल मात्र केला आहे. टेम्पोचे भाडे आता माझ्या हातून गेले तरी पावती आधी रोजमेळात चिकटते, मग मी सदरा बदलायला घरी जातो.