शेजारच्या खुर्चीतलं बीपी

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा केसपेपर निघतो तो एकाच नावाचा. मी मात्र बीपी दोघांचंही घेते: रुग्णाचं, आणि त्याचा हात धरून शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं. रुग्णाचं बऱ्याचदा आटोक्यात असतं, कारण त्याच्या गोळ्या कुणीतरी घड्याळाच्या काट्यावर देत असतं. त्या देणाऱ्याचं वाढलेलं सापडतं. "माझं राहू दे हो डॉक्टर, आधी आईंचं बघा," हे ठरलेलं उत्तर. जरा खोदून विचारलं की एकेक बाहेर येतं. मान आखडते, पित्त उसळतं, रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं, आणि स्वतःची शुगर शेवटची कधी तपासली तेच आठवत नाही.

संपादकांनी ताणतणावावर लेख मागितला, तेव्हा ऑफिस, परीक्षा, कर्जाचे हप्ते हे विषय समोर होतेच. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला या खुर्चीबद्दल लिहायचं आहे, कारण ताण शरीराचं काय करतो हे मला तिथे सगळ्यात उघड दिसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतले बहुतेक घरीच असतात, आणि त्यांचं करणारी व्यक्ती बहुधा बायको, सून नाहीतर मुलगी असते.

संकट समोर दिसलं की मेंदू अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कामाला लावतो. काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. मागोमाग कॉर्टिसॉल येतं. ते रक्तातली साखर वाढवतं आणि पचन, झीज भरून काढणं, संसर्गाशी लढणं ही कामं मागे टाकतं. अंगावर कुत्रं धावून आलं तर हीच व्यवस्था जीव वाचवते. ती काही मिनिटांसाठी आहे. स्मृतिभ्रंशाचं आजारपण वर्षानुवर्षं चालतं.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची काळजी घेणाऱ्या १३ बायका आणि वयाने, उत्पन्नाने त्यांच्या बरोबरीच्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. तिचे फोटो काढत राहिले आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहत राहिले. फेस यायचा थांबला म्हणजे जखम भरली. दुसऱ्या गटात सरासरी ३९ दिवस लागले. काळजी घेणाऱ्या बायकांना जवळपास ४९. जखम भरायला सुरुवात करून देणारं इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचं एक रसायन त्यांच्या पांढऱ्या पेशींत कमी तयार होत होतं. "मनाला लावून घेऊ नकोस" असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांच्या कातडीनेही ते लावून घेतलेलं असतं.

एक बाई माझ्याकडे सासऱ्यांना घेऊन येतात. दिवे लागणीच्या सुमाराला सासरे पिशवी भरायला घेतात. टॉवेल, चष्म्याची रिकामी डबी, जुनं पासबुक. "मला घरी जायचंय." हे घर त्यांनीच बांधलेलं. आधी बाई समजावायच्या, मग वाद व्हायचा, मग कुलूप. किल्ली त्या रात्री उशाखाली ठेवतात. सासरे शांत झोपलेले असतानाही कडी वाजल्याचा भास होऊन त्यांना जाग येते. धोका नसतानाही पहारा सुरूच राहतो. कॉर्टिसॉल सकाळी चढावं आणि रात्री उतरावं असा शरीराचा क्रम आहे. अशा मोडक्या झोपेत तो बिघडतो, आणि त्यातून बीपी, शुगर, पोटावरची चरबी यांची साखळी सुरू होते.

त्यांना सगळ्यात जास्त लागतो तो मात्र परगावच्या नणंदेचा फोन. "बाबा माझ्याशी तर किती छान बोलले! तू उगाच टेन्शन घेतेस." नणंद खोटं बोलत नाही. स्मृतिभ्रंशाचे पुष्कळ रुग्ण पाच-दहा मिनिटं जुन्या सवयीच्या जोरावर अगदी नीट बोलतात, विनोदही करतात. फोन ठेवला की "कोण होतं?" म्हणून विचारतात. ही माहिती नातेवाइकांना कुणी देत नाही, म्हणून मी स्वतः फोनवर घेऊन देते. दिवाळीला दोन दिवस येऊन "बरे तर दिसताहेत" म्हणणाऱ्यांनाही देते.

कारण इथेच खरं दुखणं आहे. अमेरिकेत स्टीव्हन झारिट यांनी १९८० साली अशा २९ कुटुंबांचा अभ्यास केला. रुग्ण जितका त्रासदायक वागेल तितकं ओझं जड असेल, अशी कुणाचीही अटकळ असेल. तसं आढळलं नाही. रुग्णाला भेटायला घरातली इतर माणसं जितकी जास्त येत, तितकं काळजी घेणाऱ्याला ओझं कमी वाटत होतं. १९९९ साली शुल्झ आणि बीच यांनी ६६ ते ९६ वयाच्या नवरा-बायकोंची चार वर्षांची पाहणी मांडली. जोडीदाराची सेवा करताना ज्यांच्यावर ताण होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सेवा करावी न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघालं. सेवा करत होते पण ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात लक्षणीय वाढ नव्हती. सेवेने माणूस खचतोच असं नाही. एकट्याने, न थांबता केलेल्या सेवेने खचतो, असं मी रोज जे पाहते त्यावरून ठामपणे म्हणते.

म्हणून "प्राणायाम करा, सकारात्मक राहा" एवढ्यावर मी कुणाची बोळवण करत नाही. सावकाश, लांब उच्छ्वासाने धडधड खरोखर उतरते, तो मी शिकवतेही. पण ज्या बाईला सलग चार तास झोप नाही तिला पहिली गरज झोपेची आहे. मी कागदावर लिहून देते: आठवड्यातल्या दोन रात्री खोलीत दुसरं कुणी झोपेल. मुलगा, नवरा, पगारी बाई, कुणीही. औषधांच्या यादीत हे असलं की घरातले ते ऐकतात.

दुसरं म्हणजे आजाराची माहिती. "घरी जायचंय" म्हणणाऱ्याला "हेच तुमचं घर" असं पटवत बसू नये. "चला, आधी चहा घेऊ" म्हणावं, चपला घालून अंगणात एक फेरी मारावी. अंधारायच्या आधीच दिवे लावावेत, सकाळी उन्हात बसवावं. रुग्ण एकाएकी फार बिथरला तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवं औषध, हे आधी तपासून घ्यावं. या युक्त्या कळल्या की हतबलता कमी होते, आणि हतबलताच अंगावर सगळ्यात जास्त निघते.

हे आपल्याकडे जमतं याचा पुरावा गोव्यात आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांत केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, थोडंच प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या सहा महिने घरी जात. आजार समजावून सांगत, रुग्णाच्या वागण्याला तोंड कसं द्यायचं ते दाखवत, ऐकून घेत. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. मोठं यंत्र नाही, महागडं औषध नाही. आपल्या आशाताई प्रत्येक गावात पोचलेल्या असताना असं काही महाराष्ट्रभर का होऊ नये, हा प्रश्न मी जिथे संधी मिळेल तिथे विचारते.

एक गोष्ट बायका दार लोटून, आवाज खाली आणून सांगतात. "मी काल त्यांच्यावर हात उगारला." किंवा, "आता सुटले तर बरं, असं वाटतं." असं वाटणारे पुष्कळ आहेत आणि ते दुष्ट नाहीत. हात उठू लागला म्हणजे त्या माणसाला त्याच आठवड्यात सुट्टी हवी, रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीसुद्धा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, जगणं नकोसं झालं, तर तो ताण राहिलेला नाही, नैराश्य असू शकतं. त्यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही. फोन रुग्णासाठीच करावा लागतो असं नाही. स्वतःसाठी करता येतो, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा दुसरा केसपेपर स्वतःच्या नावाचा काढून घ्या.