सॅटिव्हस, सॅटिव्हा, सॅटिव्हम

हर्बेरियमच्या कागदावर वाळलेली वनस्पती चिकटवून झाली की खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं. प्रजातीचं नाव लिहिताना हात भरभर चालतो. अडतो तो पुढच्या शब्दाच्या शेपटाशी. सॅटिव्हस, सॅटिव्हा की सॅटिव्हम? अर्थ तिन्हींचा एकच: लागवडीतला. क्रोकस पुल्लिंगी, म्हणून केशर क्रोकस सॅटिव्हस. ओरिझा स्त्रीलिंगी, म्हणून भात ओरिझा सॅटिव्हा. ॲलियम नपुंसकलिंगी, म्हणून लसूण ॲलियम सॅटिव्हम.

मराठी मुलांना हे शिकवायला कष्ट पडत नाहीत. चांगला, चांगली, चांगलं म्हणतच ती वाढलेली असतात. घोटाळा होतो तो निराळाच. आपला भात ‘तो’, तिकडची ओरिझा ‘ती’. मराठीतलं लिंग चपलांसारखं दाराबाहेर ठेवूनच आत यावं लागतं.

शेवटच्या अक्षरावर विसंबणारा तर हमखास फसतो. ‘अस’ दिसलं की पुल्लिंग, हा ठोकताळा मुळ्याच्या रॅफॅनस सॅटिव्हसला चालतो. पण चिंच टॅमॅरिंडस इंडिका आणि पिंपळ फायकस रिलिजिओसा. रोमन लोक झाडांना बहुधा स्त्रीलिंगी मानत, ती रीत वनस्पतिशास्त्राने पुढे चालवली. माळी ‘तो’, नदी ‘ती’ आणि पाणी ‘ते’ म्हणणाऱ्यांनी यावर कुरकुर करू नये!

२०१२पासून नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच लिहायची सक्ती उठली, इंग्रजी चालतं. विशेषणाला मात्र सूट नाही. नियमावली तशी दयाळू आहे: कुणी प्रत्यय चुकवला तर तेवढाच दुरुस्त करायचा, नाव रद्द होत नाही, कर्ता आणि वर्षही तेच राहतं. दुसरा शब्द विशेषणच असतो असंही नाही. कांद्याच्या ॲलियम सेपामधलं सेपा हे नाम, त्याला हात लावायचा नाही. त्याचं ‘सेपम’ करतात ती सहसा हुशार मुलंच.

सॅटिव्हस आलं ‘सेरेरे’ या क्रियापदावरून. त्यात पेरणं आणि लावणं दोन्ही येतं. आपला शेतकरी इतकं ढोबळ बोलणार नाही. बाजरी पेरतात, लसूण लावतात. भाताची आधी पेरणी, मग रोपं उपटून चिखलात लावणी. केशराला तर बी धरतच नाही. गुणसूत्रांचे तीन संच असलेलं ते रोप वांझ. पांपोरच्या शेतांतही ते कंदांवरच वाढवतात. नुसत्या पेरण्यावर बेतलेलं विशेषण त्याला कधीच लागू झालं नसतं.