धाकटीच्या पावलांनी जपानला

दोस्तांनो, परीक्षा संपत आल्या की आमच्या वर्गात एकच प्रश्न असतो. "बाई, तुम्ही सुट्टीत कुठे जाणार?" माझं उत्तरही ठरलेलं, "माहेरी!" यंदा मात्र मी म्हटलं, "जपानला," आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "खोटं!"

खोटं नाही बरं का! पाच वर्षं आम्ही पोस्टात दरमहा थोडे थोडे पैसे टाकत होतो. ते आता हातात आले. आमच्या घरात मी, मुलांचे बाबा, पाचवीतला थोरला, चार वर्षांची धाकटी आणि आजी. आजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला विमानाचं कौतुक नाही. मी घर सांभाळते, तुम्ही जाऊन या."

पण जायचं म्हणजे नुसती बॅग भरायची का? आम्ही ही सहल कशी आखली, त्यात कुठे चुकलो आणि एका गोष्टीवरून घरात कसा अबोला झाला, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पहिला प्रश्न होता, कधी जायचं? चेरीची झाडं फुलतात मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. पण तेव्हा आमच्या परीक्षा! जूनमध्ये तिथे पावसाळा लागतो, त्यानंतर दमट उन्हाळा आणि वादळं. मग उरला मे. त्यातही एक गोम आहे. २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात तिथे लागोपाठ सुट्ट्या असतात. त्याला 'गोल्डन वीक' म्हणतात. तेव्हा सारा जपानच घराबाहेर पडतो. गाड्या भरलेल्या, हॉटेलं महाग. ५ मे हा तर त्यांचा बालदिन. घरोघरी उंच काठ्यांवर कापडी मासे फडकत असतात. ते बघायचा मोह झाला खरा, पण गर्दीत धाकटीचं काय, या विचाराने आम्ही मेचा दुसरा पंधरवडा धरला.

मग एका रविवारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही यादी केली. ज्याला जे हवं ते त्याने सांगायचं. टोकियो, फुजी पर्वत, क्योटोची देवळं, नाराची हरणं, ओसाकाचा किल्ला, हिरोशिमा... मोजली तर तेवीस ठिकाणं! आणि दिवस होते नऊ. बाबा म्हणाले, "रोज अडीच-तीन ठिकाणं. सहज जमेल!"

आजी हळूच म्हणाल्या, "अगं, आधी पुण्याला तरी एक दिवस फिरून या."

नाटकाची रंगीत तालीम असते ना, तशी ही सहलीची तालीम. आम्ही सातारा जिल्ह्यातले. पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरलो. शनिवारवाडा झाला, केळकर संग्रहालय झालं, आणि तिथून तुळशीबाग. घड्याळात अडीच वाजले होते. तुळशीबागेच्या तोंडाशी धाकटी मटकन खाली बसली. "मी नाही येणार!" समजावलं, खाऊ दाखवला, मग मी रागावले. भर रस्त्यात ओरडलेच तिच्यावर. लोक वळून बघायला लागले. ती मुसमुसत होती आणि मी घामाघूम. वर्गातल्या चाळीस मुलांना सांभाळणारी मी, मला एक मूल सांभाळता येईना! शेवटी थोरल्याने तिची पाण्याची बाटली आणि चपला हातात घेतल्या, बाबांनी तिला कडेवर घेतलं आणि आम्ही सरळ सारसबाग गाठली. तिथे ती तासभर गवतावर लोळली, पळाली, हसली.

रात्री आजींनी विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" ती म्हणाली, "कबुतरं! आणि खूप गवत!" शनिवारवाडा नाही, संग्रहालय नाही. कबुतरं आणि गवत!

त्या रात्री मी तेवीस ठिकाणांची यादी घडी करून ठेवली आणि नवा नियम लिहिला. दिवसाला एकच मोठं ठिकाण. दुपारी विश्रांती. संध्याकाळी एखादी बाग किंवा मैदान. धाकटी जितकं चालेल तितकाच आमचा जपान.

आता तेवीसमधून निवडायचं कसं? प्रत्येकाने एकच इच्छा ठेवायची, बाकी सोडायच्या. धाकटीची इच्छा सगळ्यांना पाठ होती, डोरेमॉन! टोकियोजवळच्या कावासाकी शहरात डोरेमॉनचे चित्रकार फुजिको एफ. फुजिओ यांचं संग्रहालय २०११ साली उघडलं. दोस्तांनो, तिथे आयत्या वेळी जाऊन चालत नाही हं! दिवस आणि वेळ ठरवून आधीच तिकीट काढावं लागतं. गच्चीवर ते कुठेही नेणारं गुलाबी दारसुद्धा उभं आहे.

माझी इच्छा नारा. तिथे हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात आणि त्यांच्यासाठीची खास बिस्किटं विकत मिळतात. तोदाइजी या देवळात बुद्धाची पंधरा मीटर उंचीची मूर्ती आहे. इसवी सन ७५२ मध्ये या मूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधी झाला, तो केला बोधिसेन नावाच्या एका भारतीय भिक्षूने! त्या काळी, समुद्र ओलांडून! त्याच देवळात एका खांबाला बुद्धाच्या नाकपुडीएवढं भोक आहे. लहान मूल त्यातून सरपटत पलीकडे जाऊ शकतं, मोठा माणूस मात्र अडकतो. धाकटी तेव्हापासून बाबांना म्हणते, "तुम्ही नाही जाऊ शकणार!"

बाबांना हवा होता फुजी. पण चढाई जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच असते. मग? टोकियोहून क्योटोला जाताना बुलेट ट्रेनमध्ये उजव्या बाजूच्या खिडकीत बसलं आणि ढग नसले, तर फुजी दिसतो. बाबांनी फुजी खिडकीतून पाहायचं कबूल केलं.

राहिला थोरला. त्याला हवं होतं हिरोशिमा.

त्याला कारण आहे. मागच्या वर्षी मी वर्गात सादाको सासाकीची गोष्ट सांगितली होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा सादाको दोन वर्षांची होती. ती वाचली, पण पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. कागदाचे हजार क्रौंच पक्षी केले की इच्छा पुरी होते असं जपानमध्ये मानतात. म्हणून दवाखान्यात ती घड्या घालत राहिली. ऑक्टोबर १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी ती गेली. तिच्या वर्गमित्रांनी आणि जपानभरच्या शाळांतल्या मुलांनी पैसे गोळा केले आणि १९५८ साली ५ मेला, बालदिनी, तिथल्या शांती उद्यानात मुलांसाठी स्मारक उभं राहिलं. आजही जगभरातून मुलं तिथे कागदी क्रौंच पाठवतात.

बाबा म्हणाले, "अरे, हिरोशिमा किती लांब! एक दिवस गाडीत जाणार. आणि एवढ्याशा पोरीला असं काही दाखवायचं का?" मलाही ते पटलं. मी यादीत हिरोशिमावर रेघ मारली.

थोरला काही बोलला नाही. रडला नाही, भांडला नाही. दोन दिवस नुसता "हो", "नाही" एवढंच. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर पुढच्या खोलीत दिवा. दोघं जमिनीवर बसलेली. थोरला धाकटीला क्रौंच शिकवत होता. "इथे दुमड. नाही गं, इथे." तिचा पक्षी म्हणजे कागदाचा चोळामोळा. तिने विचारलं, "दादा, हा त्या ताईला आवडेल?" तो म्हणाला, "आवडेल. पण आपण तिकडे नाही जाणार आहोत."

दोस्तांनो, मी दारातच थांबले. सगळ्यांची एकेक इच्छा ठेवायची असं मीच म्हटलं होतं. धाकटीच्या पायांचा विचार करता करता थोरल्याचं मन मोजायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नकाशा घेऊन बसलो. ओसाकाचा किल्ला मी सोडला, बाबांनी टोकियोतला एक दिवस कमी केला. हिरोशिमात दोन रात्री राहायचं, म्हणजे कुणाची धावपळ नको. शांती संग्रहालयात थोरल्याबरोबर एक जण जाईल, आणि दुसरा धाकटीला घेऊन बाहेर नदीकाठी थांबेल. मग आमची अदलाबदल. धाकटी फक्त स्मारकाशी जाईल आणि पक्षी ठेवेल. बाकीचं ती मोठी झाल्यावर समजून घेईल.

आता एक गणित सोडवा पाहू! जपानच्या गाड्यांसाठी पर्यटकांचा सात दिवसांचा पास असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. आमचा प्रवास टोकियो ते क्योटो, क्योटो ते हिरोशिमा, हिरोशिमा ते ओसाका. सुटी तिकिटं साधारण १४,०००, ११,००० आणि ११,००० येन. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. सहाच्या आतलं मूल मांडीवर बसलं तर फुकट! म्हणजे आम्ही झालो अडीच माणसं. बेरीज थोरल्याने केली. सुट्या तिकिटांचे ९०,००० आणि पासाचे १,२५,००० येन. पास रद्द!

वेळेचंही गणित आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. धाकटी रात्री नऊला झोपते, तेव्हा तिथे साडेबारा वाजलेले असतात! म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधीपासून तिला रोज अर्धा तास लवकर झोपवायचं. टोकियोतला पहिला दिवस मोकळा, फक्त उएनोची बाग आणि प्राणिसंग्रहालय. हे प्राणिसंग्रहालय १८८२ सालचं. युद्धाच्या काळात तिथले हत्ती मारले गेले. युद्ध संपल्यावर टोकियोच्या मुलांनी हत्तीसाठी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, आणि १९४९ मध्ये नेहरूंनी त्यांना एक हत्तीण पाठवली. तिचं नाव इंदिरा! पण ते सोमवारी बंद असतं, म्हणून वार बघूनच विमानाचं तिकीट काढलं.

खाण्याचं काय? आम्ही शाकाहारी. तिथे साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. म्हणून मेतकूट, भाजणी आणि लाडू बरोबर. आजींना हापूसची पेटी द्यायची होती, पण ताजी फळं अशी सहज नेता येत नाहीत. तिथल्या दुकानांत भाताचे त्रिकोणी मुटके मिळतात, त्यात खारवलेलं आंबट फळ असतं. लोणचं-भातच की तो!

मोठ्या बॅगा आम्ही स्वतः ओढणार नाही. एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात सामान पोचवणारी सेवा तिथे १९७६ पासून आहे. तिच्या गाड्यांवर पिल्लाला तोंडात धरून नेणाऱ्या काळ्या मांजरीचं चित्र असतं. धाकटीला वाटतं, मांजरच बॅगा नेते!

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तिच्या खिशात कायम एक चिठ्ठी राहणार. त्यावर तिचं नाव, आमचा फोन आणि हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत. चुकलीच तर काय करायचं याची तालीम रोज चालते. "जागेवर थांबायचं. पोलिसकाकांना चिठ्ठी दाखवायची." शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर पोलिसांच्या छोट्या चौक्या असतात. त्यांना 'कोबान' म्हणतात. हा शब्द तिला आता आपल्या 'पोहे'इतका पाठ आहे.

चौघांचे पासपोर्ट आले, व्हिसा आला. हो, चार वर्षांच्या मुलीलाही स्वतःचा पासपोर्ट लागतो! बॅगेत सगळ्यात वर एक चपटा डबा आहे. त्यात आमच्या वर्गातल्या मुलांनी केलेले दोनशे बारा क्रौंच दोऱ्यात ओवून ठेवले आहेत. एक मात्र वेगळाच, चोळामोळा झालेला. थोरल्याने तो स्वतःच्या हाताने सगळ्यात वर ओवलाय.

तुम्हीही सुट्टीत कुठेतरी जाणार असाल ना? जपान असो नाही तर मामाचा गाव, यादी करताना घरातल्या सगळ्यात लहानाला आणि सगळ्यात गप्प बसणाऱ्याला आधी विचारा. बाकीचं आल्यावर सांगतेच. फुजी खिडकीतून दिसला की नाही, तेही!